मांसाविना खिमा: कण, चरबी आणि खरपूसपणा

सोयाबडीचा खिमा खाऊन 'बरा आहे, पण काहीतरी कमी आहे' म्हणणारे बहुतेक जण बडीला दोष देतात. बडीचा दोष क्वचितच असतो. खिम्यात मांसाचे कण असतात हे डोळ्यांना दिसतं. त्या कणांसोबत चरबी येते, शिजताना सुटणारा रस येतो, कढईच्या बुडाला लागून तांबूस झालेली खरपूस चव येते आणि कणाला कण धरून ठेवणारा चिकटपणाही येतो. हे काही दिसत नाही. आपण कण बदलतो आणि बाकीचं विसरतो. शाकाहारी जिन्नसांत या सगळ्या गोष्टी एकत्र कुठेच मिळत नाहीत. कण एकीकडून, चरबी दुसरीकडून, चव तिसरीकडून असं जमवावं लागतं.

तंत्र मात्र आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. वाटली डाळ, कोरडा झुणका, मोकळ भाजणी हे सगळे मोकळ्या कणांचे, तेलावर निगुतीने परतलेले पदार्थ. आणि इंदुरात राहणाऱ्याला भुट्ट्याचा कीस वेगळा शिकवावा लागत नाही. किसलेला मका आधी तुपात परतायचा, मग दूध आटवायचं, आणि कडेने तूप सुटेपर्यंत गॅसपासून हलायचं नाही. चांगल्या खिम्यालाही हेच लागतं. आधी ओलावा घालवायचा आणि मग तेल सुटेपर्यंत धीर धरायचा.

खाली वाटी म्हणजे १५० मि.ली.ची, मोठा चमचा १५ मि.ली.चा आणि छोटा ५ मि.ली.चा. प्रमाण चौघांचं.

सोयाबडी आणि सोया चुरा

इंदूर आणि सोयाबीन हे नातं जुनं आहे. १९७०च्या दशकापासून माळव्याच्या काळ्या जमिनीत हे पीक पसरलं, सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९८७ पासून इथेच आहे, आणि तेल काढणारे कारखाने आजूबाजूला आहेत. बडी ही त्या तेलाचीच पाठची बहीण. दाण्यात तेल पाचव्या हिश्श्याइतकं असतं. ते काढून घेतल्यावर जे पीठ उरतं ते ओलं करून यंत्रात उष्णतेने आणि दाबाने पुढे ढकलतात. यंत्राच्या तोंडातून बाहेर पडताक्षणी आतल्या पाण्याची वाफ होते, पीठ फुगतं आणि त्याची जाळी तयार होते.

स्वयंपाकात बडी जशी वागते, ते सगळं यातच आलं. एक, ती सुका स्पंज आहे. पहिल्यांदा जे पिईल त्याचीच चव धरेल. दोन, तिच्यात प्रथिनं निम्म्याच्या आसपास आहेत, पण चरबी जवळजवळ नाहीच. तीन, तिची प्रथिनं यंत्रातच शिजून घट्ट झालेली आहेत, त्यामुळे ती आपसूक चिकटत नाही. कोफ्ते फुटतात ते यामुळे. त्याबद्दल पुढे.

बाजारात ती तीन रूपांत मिळते: मोठी बडी, छोटी बडी आणि चुरा, म्हणजे पाकिटावर ज्याला ग्रॅन्युल्स म्हणतात तो. सियागंजच्या किराणा बाजारात सुटीही मिळते. घेताना रंग बघा, फिकट सोनेरी हवा. गडद तपकिरी बडी यंत्रात जास्त भाजली गेलेली असते आणि तिचा कडवटपणा कितीही मसाला घातला तरी जात नाही. नाकाशी धरा, कुबट किंवा जुन्या तेलासारखा वास आला तर परत ठेवा. चुरा सोपा, पण त्याचे कण एकसारखे असतात आणि तोंडात ते रव्यासारखे लागतात. हाताने कुटलेल्या खिम्यात बारीकमोठे कण असतात. म्हणून दोन भाग चुरा आणि एक भाग बडी असं मिश्रण घ्यावं. बडी भिजवून, पिळून, मिक्सरमध्ये एकेका सेकंदाचे तीन-चार झटके द्यायचे. पाचव्या-सहाव्या झटक्याला तिचा लगदा होतो, आणि लगद्याचे परत कण होत नाहीत.

चौघांना १०० ग्रॅम सुका माल पुरतो. चुरा असेल तर साधारण दोन वाट्या. भिजून, पिळून तो अडीचशे ते तीनशे ग्रॅम भरतो.

भिजवण्याची पद्धत अशी. एक लिटर पाणी उकळा, त्यात छोटा चमचा मीठ घाला, गॅस बंद करा आणि मग सोया घाला. चुऱ्याला ८ ते १० मिनिटं, मोठ्या बडीला १५. बडीचं पोट दाबून बघा. मध्ये टणक गाठ लागली तर आणखी ५ मिनिटं. अर्धवट भिजलेली बडी पुढे कितीही शिजवली तरी रबरासारखी चावत बसावी लागते. पाणी फेकून द्या. सोयाचा तो कच्चट वास बराचसा या पाण्यात उतरतो, म्हणून 'पौष्टिक आहे' म्हणून ते रश्श्यात वापरायचा मोह टाळा. गार पाण्यात दोनदा खळबळून घ्या. आता पिळायचं. चुरा मुठीत पिळला तर बोटांतून निसटतो. सुती पंच्यात किंवा चक्का बांधायच्या फडक्यात घालून पीळ द्या, पाण्याची धार थांबून थेंब येईपर्यंत.

इथवर बरेच जण करतात. पुढची पायरी सुटते. पिळलेला स्पंज तहानलेला असतो, आणि ही त्याला चव पाजायची वेळ. अर्धी वाटी गरम पाण्यात दोन मोठे चमचे घोटलेलं दही, छोटा चमचा आलं-लसूण वाटण, पाव चमचा हळद, अर्धा चमचा तिखट, अर्धा चमचा मीठ आणि असल्यास छोटा चमचा सोया सॉस मिसळा. यात सोया कालवून २० मिनिटं झाकून ठेवा. सगळा रस आत गेला पाहिजे. भांड्यात तळाशी पाणी राहिलं तर रस जास्त झाला. सोया सॉस इथे चिनी चवीसाठी नाही. मांस शिजताना जो भरीव, तोंडात रेंगाळणारा रस असतो तो आणायला त्याचा एक चमचा पुरतो, आणि एवढ्याने त्याची ओळख पटत नाही. घातल्यास मीठ तेवढं कमी करा.

आता चरबीचा हिशेब. मटणाच्या खिम्यात साधारण १५ ते २० टक्के चरबी असते. तीनशे ग्रॅम भिजलेल्या सोयाला त्याच मापाने निदान ४५ ग्रॅम स्निग्ध हवं, म्हणजे तीन-साडेतीन मोठे चमचे. 'सोया हलकं असतं' म्हणून एका चमचा तेलात केलेला खिमा कोरडा, घशात अडकणारा लागतो, आणि मग माणसं पाणी ओतत सुटतात. कमी तेलाचं खायचं असेल तर खुशाल खा, पण मग खिमा न करता रस्सा करा. दोन मोठे चमचे तेल परतायला, एक मसाल्याला आणि शेवटी अर्धा चमचा तूप, अशी वाटणी चांगली.

परतणं हा या सगळ्याचा गाभा. रुंद लोखंडी कढई असेल तर उत्तम. दोन चमचे तेल चांगलं तापवा, सोया पसरा आणि दोन मिनिटं त्याला हात लावू नका. मग उलथा, पुन्हा दोन मिनिटं थांबा. मध्यम-मोठ्या आचेवर ८ ते १० मिनिटांत कडा तांबूस होतात आणि वास बदलतो, कच्च्या पिठाच्या वासाकडून भाजलेल्या शेंगदाण्याकडे जातो. हे मसाल्याच्या आधी, वेगळं करायचं. कारण ओल्या मसाल्यात पाणी असतं, पाणी आहे तोवर कढईतला माल १०० अंशांच्या वर तापत नाही, आणि तांबूस रंग चढायला १४० अंशांच्या आसपासची उष्णता लागते. टोमॅटोच्या रश्श्यात टाकलेला सोया तासभर उकळला तरी शिजलेलाच राहतो, खरपूस होत नाही. कढई लहान असेल तर दोन खेपा करा. गर्दी केली की माल स्वतःच्याच वाफेत उकडतो. उलट बाजूने, १५ मिनिटांच्या वर परतलात तर कण वाळून खडखडीत होतात. कडा तांबूस आणि पोट मऊ, इथे थांबायचं.

सोया ताटात काढा. त्याच कढईत चमचाभर तेल, तमालपत्र, दोन लवंगा, एक तुकडा दालचिनी, थोडं दगडफूल. दोन मध्यम कांदे (२०० ग्रॅम) बारीक चिरून चांगले तपकिरी होईपर्यंत, १० ते १२ मिनिटं. इथे घाई केली तर सगळी मेहनत पाण्यात. मांस नाही म्हटल्यावर गोडसर, गडद चव कांद्यानेच द्यायची आहे. मग मोठा चमचा आलं-लसूण, दोन हिरव्या मिरच्या, दोन छोटे चमचे धणेपूड, दीड चमचा तिखट, पाव चमचा हळद, आणि लगेच दोन टोमॅटो बारीक चिरून. टोमॅटो कडेने तेल सोडेपर्यंत परता. आता सोया, वाटीभर मटार आणि दीड वाटी कडकडीत गरम पाणी घाला आणि झाकून ८ मिनिटं ठेवा. शेवटी छोटा चमचा काळा मसाला, तूप, कोथिंबीर, लिंबू.

पाण्याबद्दल एक गोष्ट उलटी आहे. कच्चं मांस शिजताना पाणी सोडतं, सोया पाणी पितो. मटणाच्या पाककृतीत लिहिलेलं पाणी जसंच्या तसं घातलं तर खिमा दहा मिनिटांत सुकतो, आणि वाढेपर्यंत आणखी सुकतो. गॅस बंद करताना खिमा हवा त्यापेक्षा थोडा पातळच दिसला पाहिजे.

मटणाच्या पाककृतीवरून करताना आणखी दोन बदल. कच्ची पपई गाळायची. ती मांसाचे तंतू सैल करायला असते, इथे तिचं काही काम नाही. आणि खडा मसाला, विशेषतः लवंग आणि मोठी वेलची, निम्म्यावर आणायची. मटणाला स्वतःचा उग्र वास असतो, त्याला तेवढा मसाला झेपतो. सोयाला स्वतःची चव कमी, त्यामुळे तोच मसाला त्याच्यावर औषधासारखा लागतो.

धूर द्यायचा तर कोळसा लालबुंद करून वाटीत, खिम्याच्या मध्ये, वर छोटा चमचा तूप आणि झटकन झाकण. दोन-तीन मिनिटं, बस. पाच मिनिटांच्या पुढे धुराचा कडूपणा येतो आणि तो काढता येत नाही. धूर तुपातून येतो, त्यामुळे कोरड्या खिम्याला दिलेला धूर टिकत नाही. वर स्निग्ध असेल तरच तो धरला जातो.

मसूर: ज्यांना सोया नको त्यांच्यासाठी

सोयाची चावण्याची जात ज्यांना मुळातच आवडत नाही (आणि शाकाहारी घरांत असे बरेच निघतात, त्यांना मांसासारखं काही तोंडात यायलाच नको असतं) त्यांना अख्खा मसूर द्यावा. साल असलेला तपकिरी मसूर, केशरी डाळ नव्हे. केशरी डाळ शिजली की वरण होतं, कण राहत नाही.

१५० ग्रॅम मसूर ४ तास भिजवा. कुकर नको. उघड्या पातेल्यात, बुडून दोन बोटं वर पाणी ठेवून, मंद उकळीवर १५ ते २० मिनिटं. दाणा चिमटीत दाबल्यावर दुभंगला पाहिजे, त्याचं पीठ होता कामा नये. लगेच चाळणीत ओतून ताटात पसरा, नाहीतर स्वतःच्या उष्णतेने तो पुढे शिजत राहतो. गार झाल्यावर निम्मा मसूर डावाच्या पाठीने ठेचा, निम्मा तसाच ठेवा. ठेचलेला मसाल्याला धरतो, अख्खा दाताखाली येतो.

बोरिंगचं पाणी वापरत असाल तर मसूर अर्धा तास उकळूनही टणक राहतो. जड पाण्यातलं कॅल्शियम सालीला आणखी घट्ट करतं. नर्मदेच्या नळाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या; तेही नसेल तर चिमूटभर सोडा, खरंच चिमूटभर, कारण जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि मसूर गाळ होतो. टोमॅटो, चिंच, लिंबू यांतलं काहीही मसूर शिजायच्या आधी घालायचं नाही. आंबट पडलं की साल मऊ व्हायला फार वेळ घेते.

मसुरात मातकट गोडवा असतो, तो काळ्या मसाल्याशी आणि सुक्या खोबऱ्याशी छान जमतो. पावाबरोबर हा खिमा सोयापेक्षा उजवा वाटू शकतो. टोमॅटोचा सॉस घालून पोरांच्या पास्त्यालाही चालतो. पण मसूर खरपूस होत नाही, त्यामुळे ती चव त्याला उसनी द्यावी लागते, आणि त्यासाठी मशरूम.

२०० ग्रॅम मशरूम बारीक चिरून कोरड्या, तापलेल्या कढईत मोठ्या आचेवर टाका. तेल नाही, मीठ नाही. आधी ते भरपूर पाणी सोडतात, मग ते पाणी आटतं, मग चरचर आवाज बदलतो. त्या वेळी चमचाभर तेल आणि मीठ, आणि तांबूस होईपर्यंत तीन-चार मिनिटं. मीठ आधी घातलं तर पाणी एकदम सुटून मशरूम त्यातच उकडतात. निम्म्याहून कमी उरतात म्हणून घाबरू नका. मशरूम एकट्याचा खिमा महाग पडतो आणि बुळबुळीत होतो. शिजलेल्या मसुराच्या किंवा सोयाच्या तीन भागांत एक भाग परतलेला मशरूम, हे त्याचं खरं ठिकाण.

वाटली डाळ जेव्हा सारण होते

समोसा, करंजी, पराठा, पॅटिस यांच्या सारणाला सोयापेक्षा हरभऱ्याची डाळ बरी. सोया रस धरून ठेवतो आणि लाटताना पारी ओली करून फाडतो. डाळ कोरडी राहते.

दोन वाट्या डाळ ४ तास भिजवून पूर्ण निथळा. पाणी न घालता, मिरची, आलं, जिरं आणि मीठ घालून भरड वाटा. हातात रव्यापेक्षा जाड कण लागले पाहिजेत. वाटली डाळ करताना आपण हे सरळ फोडणीत टाकतो आणि अर्धा तास परतत बसतो. खिम्यासाठी त्याऐवजी तेलाचा हात लावलेल्या चाळणीत किंवा ढोकळ्याच्या थाळीत बोटभर जाडीने थापून १५ मिनिटं वाफवा. खानदेशातले फुणके होतात तसंच. पूर्ण गार होऊ द्या, निदान तासभर. गरम असताना मोडलं तर चिकट गोळे होतात. गार झाल्यावर किसणीच्या मोठ्या भोकांवरून घासा किंवा हाताने कुस्करा. हे कण नंतर फोडणीत पाच मिनिटांत मोकळे होतात आणि तेलही निम्मं लागतं. डाळ फार बारीक वाटली गेली तर वाफवल्यावर खांडवी होते. अशा वेळी तिच्या वड्याच पाडून खाव्यात, खिम्याचा हट्ट सोडावा.

चातुर्मासात हीच डाळ उपयोगी पडते. कांदेनवमीनंतर ज्या घरांत कांदा-लसूण बंद होतो, तिथे तपकिरी कांद्याची जागा कशी भरायची हा प्रश्न येतो. उत्तर बऱ्यापैकी सोपं आहे: पाव छोटा चमचा हिंग तेलात फुलवून, तीन मोठे चमचे सुक्या खोबऱ्याचा कीस खरपूस भाजून चुरलेला, चमचाभर तीळ, आणि टोमॅटो नेहमीपेक्षा जास्त वेळ आटवलेला. जैन पाहुणे असतील तर आलं, बटाटा, सुरण आणि मशरूमही नको; तिथे सुंठ आणि उकडून किसलेलं कच्चं केळं चालतं. केळं सालीसकट उकडा, सोलून किसा, म्हणजे काळं पडून चिकट होत नाही.

फणस, सुरण आणि बाकीची मंडळी

कच्चा फणस (मंडीत कटहल म्हणा, फणस म्हटलं तर भाजीवाला दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे वळतो) उन्हाळ्यात चोइथराम मंडीत भरपूर येतो. कोवळा, बिया पांढऱ्या आणि मऊ असलेला घ्या. हाताला, सुरीला, पाटाला तेल लावल्याशिवाय चीक आवरत नाही. मोठे तुकडे हळद-मिठाच्या पाण्यात एक शिट्टी, फार तर दोन. गार करून बोटांनी तंतू सोडवा आणि मग सुरीने आखूड चिरा, कारण लांब तंतू रेशांसारखे दिसतात, खिम्यासारखे नाहीत. दिसायला आणि चावायला फणस सगळ्यांत पुढे. प्रथिनं मात्र त्यात नावापुरती, शंभर ग्रॅमला दोन-तीन ग्रॅमच्या आसपास, तेव्हा सोबत वरण किंवा दही ठेवा. चिरून कढईत चांगला कोरडा करा, नाहीतर पिळपिळीत लागतो.

सुरण कबाबांना उत्तम, मोकळ्या खिम्याला नाही. घशाला खाज येते ती त्यातल्या ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. चिंच किंवा आमसूल घातलेल्या पाण्यात उकडून पाणी फेका. गराडू या कंदावर इंदूरकरांचं कितीही प्रेम असलं तरी त्याचा खिमा करू नका, तो पिठूळ होतो. तो सराफ्याच्या खाऊबाजारातच, कुरकुरीत तळून, वर मसाला भुरभुरून खावा.

फ्लॉवर किसून केलेला खिमा हिवाळ्यात छान लागतो, पण तो फ्लॉवरची भाजीच असते; सोयात एक तृतीयांश मिसळला तर हलकेपणा येतो. पनीरची भुर्जी म्हणजे खिमा नव्हे, दुधाळ चव झाकता येत नाही. सोया पनीर मात्र एका युक्तीने जमतं: पाकिटासकट २४ तास फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढून पूर्ण वितळू द्या, तळहातांत दाबून पिळा. आतल्या बर्फाच्या स्फटिकांनी जाळी पडलेली असते, त्यामुळे ते स्पंजासारखं आणि चिवट होतं. कुस्करून सोयाबडीसारखंच परता. शेंगदाण्याचं भरड कूट चरबी म्हणून घालायची सूचना कुठे कुठे वाचायला मिळते. चव सगळीकडे शेंगदाण्याचीच येते. दोन मोठे चमचे भरड अक्रोड घाला, तो गप्प बसून काम करतो.

कोफ्ते आणि कबाब का फुटतात

कच्च्या मांसाचा खिमा मीठ घालून मळला की त्यातली प्रथिनं सुटून चिकट होतात, आणि तळताना तीच घट्ट होऊन गोळा धरतात. सोया, मसूर, फणस हे सगळे आधीच शिजलेले. त्यांना कितीही मळलं तरी चिकटपणा येत नाही. तो बाहेरून घालावा लागतो, आणि इथे बहुतेक जण बेसन वाढवत जातात. कच्चं बेसन कबाबाला कच्चट आणि टणक करतं.

२५० ग्रॅम पिळलेल्या, वाटलेल्या सोयाला एक लहान उकडलेला बटाटा (८० ग्रॅम), दोन मोठे चमचे डाळव्याचं पीठ आणि ब्रेडच्या एका स्लाइसचा चुरा पुरतो. डाळवं आधीच भाजलेलं असतं, त्यामुळे ओलावा ओढतं आणि कच्चं लागत नाही. बटाटा उकडून पूर्ण गार झालेला हवा, आणि किसून घालावा. मिश्रण अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. एक छोटा गोळा आधी तळून बघा, मगच सगळे वळा. फुटला तर मिश्रणात पाणी जास्त आहे, किंवा तेल पुरेसं तापलेलं नाही. थंड तेलात गोळा तेल पीत पीत सुटत जातो. तव्यावरचा कबाब तीन मिनिटांच्या आत उलटवू नका, खालची बाजू तांबूस झाली की तो आपोआप सुटतो.

शामी कबाबाचं गणित जास्त सोपं, कारण त्यात हरभऱ्याची डाळ मूळचीच असते आणि तिचं शिजलेलं पिठूळपण डिंकासारखं धरतं. १०० ग्रॅम डाळ तासभर भिजवा, दीड वाटी पाण्यात दालचिनी, दोन लवंगा, एक मोठी वेलची, सुकी लाल मिरची आणि आलं घालून तीन शिट्ट्या करा. झाकण काढून उरलेलं पाणी पूर्ण आटवा. कुकर तिरका केला तर थेंबही वाहता कामा नये. ६० ग्रॅम सुक्या सोयाबडीला भिजवून, पिळून, परतून त्यात घाला आणि खडा मसाल्यासकट पाण्याशिवाय वाटा. वेगळं काही लागत नाही. मध्ये बारीक कांदा, पुदिना आणि हिरव्या मिरचीचं सारण भरून थापा.

उरलेल्याचं काय

भिजवून पिळलेला, मसाला न लावलेला सोया फ्रिजमध्ये दोन दिवस आणि फ्रीझरमध्ये महिनाभर सहज राहतो. रविवारी २०० ग्रॅम एकदम भिजवून, पिळून, निम्मा पसरट पिशवीत भरून गोठवला तर आठवड्यात मधल्या दिवशी फक्त परतायचं काम उरतं. पसरट भरा, गोळा करून भरलात तर हातोडीने फोडावा लागेल.

शिजलेला सोयाचा खिमा दुसऱ्या दिवशी नेहमी कोरडा होतो, रात्रभर तो उरलासुरला रस पीत राहतो. गरम करताना पाव वाटी कडकडीत पाणी आणि अर्धा चमचा तूप घालून झाकून पाच मिनिटं ठेवा. मसुराचा खिमा उलट घट्ट गोळा होतो, त्याला पाणी लावून मोकळा करा. आणि फारच थोडा उरला असेल तर पावाला लोणी लावून तव्यावर शेका, खिमा भरा, वर जीरावन (पोह्यांवर घालतात तो इंदुरी मसाला) भुरभुरा आणि लवंग शेव घाला. शेव आयत्या वेळी, ताटात वाढताना, नाहीतर मऊ पडते.